चिंचेची उभी लाकडं

आमच्याकडं लाकूड जाळण्याआधी त्याला हाक मारतात. हसू नका. मीही हसले होते, आणि चांगलं वर्षानुवर्षं हसले होते. त्याचं पुढं काय झालं तेच सांगायला बसले आहे.

माझं माहेर बेळगावात, खडेबाजारात, दुकानाच्या माडीवर. तिथं गॅसची शेगडी. लाकूड म्हणजे खुर्ची, नाहीतर कपाट. लग्न होऊन निपाणीजवळच्या या गावात आले आणि तिसऱ्याच दिवशी पहाटे परसात एक दृश्य पाहिलं. सासूबाई चुलीपुढं बसलेल्या. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. तर आत्याबाईंच्या हातात बाभळीचं एक लाकूड. त्यावर त्यांनी बोटांनी तीनदा टकटक केलं, लाकूड कानाशी धरलं आणि त्याला म्हणाल्या, "उठा बाबांनो, बाहेर पडा. घर पेटणार हाय." थोडा वेळ थांबल्या. मग पुन्हा टकटक, आणि आता कन्नडमध्ये, "एळ्री, होरग बर्री."

मी नवी नवरी, पण तोंड गप्प बसेना. "कन्नड कशाला, आत्याबाई?"

"आतला जीव कुठल्या भाषेचा, आपल्याला काय म्हाईत?"

त्यांनी ते इतकं सरळ सांगितलं की मला पळत आत जावं लागलं, हसायला. दुपारी नणंदांपुढं मी त्यांची हुबेहूब नक्कल केली. लाकूड नव्हतं म्हणून लाटणं घेतलं. नणंदा लोळायच्या बाकी राहिल्या. त्याच आठवड्यात आत्याबाईंचं लक्ष नसताना मी एक लाकूड न वाजवता चुलीत सारलं. त्यांनी ते ओढून काढलं, जमिनीवर आपटलं, आणि सालीखालून विंचू बाहेर आला. पाठीवर पिल्लं, तांदळाच्या दाण्याएवढी, पांढरी. आत्याबाईंनी त्या आईला सुपलीत घेतलं आणि कुंपणापलीकडं सोडून आल्या. मला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मी विसरून गेले असते.

आम्ही जैन. किडामुंगी बघून वागणं आमच्यात सगळ्याच घरी, पण आत्याबाईंचा नेम त्याहून कडक. दिवसातून एकदाच जेवायचं, साडेदहाच्या सुमाराला. पाणीही त्याच वेळी, उकळलेलं. आणि दोन्ही अशा विस्तवावरचं, ज्यातलं प्रत्येक लाकूड आधी बघितलेलं आहे. आपल्या हयगयीनं एखादा जीव आत गेला, किंवा लाकूड न बघताच जळलं असं कळलं, तर ताट तसंच बाजूला सारायचं. याला अंतराय म्हणतात. मग अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही, थेट दुसऱ्या दिवशी साडेदहापर्यंत. गॅसबद्दल एकदा विचारलं तर म्हणाल्या, "नळीत काय हाय ते मला दिसत न्हाय. न बघता पेटवू कसं?"

अशा या घरात, माझ्या लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, धाकट्या दिरांनी बॉयलर आणला. ते बेळगावात राहतात, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात वेल्डिंग करतात. सुट्टीच्या दिवसांत जमवून जमवून त्यांनी तो स्वतः बनवला. लहान कपाटाएवढा, काळा, पुढं जाड लोखंडी दार, दारात बोटाएवढं काचेचं भोक, बाजूला छोटा पंखा. वर लाकूड धुमसतं, त्याचा धूर पंखा खाली ओढतो आणि खाली तो धूरच पुन्हा पेटतो. अकरा माणसांच्या अंघोळी एका भरणीत. वर जाड पत्र्याची एक बैठकही केली होती, खास आईच्या भाताच्या आणि पाण्याच्या पातेल्यांसाठी.

"धूरसुद्धा जाळतो, वहिनी," ते कौतुकानं म्हणाले. "काय म्हणजे काय सोडत न्हाय."

मग त्यांनी मला शाळेत बसवल्यासारखं शिकवलं. लाकूड मनगटापेक्षा जाड आणि दंडापेक्षा बारीक. फोडलेलं. निदान एक पावसाळा छपराखाली काढलेलं. टोकाला चांदणीसारख्या चिरा पडलेल्या हव्यात. दोन लाकडं एकमेकांवर आपटायची, टण्ण वाजलं तर घ्यायचं, थप वाजलं तर परत ढिगात. बाभूळ धिम्मी जळते, निखारा धरते. निलगिरी नुसती भडकते. आंब्याची राखच फार. शेवगा? "शेंगा खावा, लाकूड विसरा." भरताना खाली काटक्या, मग बारीक, मग जाड, सगळी एका दिशेनं, जवळजवळ पण कोंबून नाही. एखादं वाकडं घातलं तर बाकीची त्याच्यावर अडकून बसतात आणि खाली पोकळी होते. त्याला पूल म्हणायचं. आणि शेवटचा नियम, बोट उगारून, "पेटल्यावर दार उघडायचं न्हाय. आत धूर कोंडलेला असतोय, हवा लागली की भप्पकन तोंडावर येतोय." स्वतःची एक अर्धी भुवई त्यांनी पुरावा म्हणून दाखवली.

आत्याबाई सोप्यात बसून ऐकत होत्या. "म्हंजे मधीच आतनं कोण वराडलं तर?"

"कोण वराडणार, आई?"

"ज्याचं घर हाय त्यो."

दीर हसले. मीही हसले. पण चुलीतलं लाकूड ओढून काढता यायचं, आणि इथं दार लागलं की लागलं, हे त्या म्हातारीनं एका वाक्यात पकडलं होतं. त्या दिवसापासून त्या प्रत्येक लाकूड तीनदाऐवजी सहादा वाजवू लागल्या.

पुढं त्यांचे डोळे गेले, म्हणजे उजेड आणि माणूस एवढंच दिसायचं. हात कापू लागले. चौऱ्याऐंशी वय. एके दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. "आता तू वाजव. मी तुझ्या भरवशावर जेवणार."

असं कुणी म्हटलं की माणसाला आधी अभिमान वाटतो आणि मग कंटाळा येतो. दोन महिने मी इमानानं वाजवलं. चुलीची जुनी लोखंडी फुंकणी बॉयलरमुळं बेकार झाली होती, तीच वाजवायला घेतली. सोळा लाकडं, प्रत्येकाला तीन ठोके, थांबणं, उलटून बघणं, भोकं बघणं, दोन भाषांत हाका. अर्धा तास जायचा. तोवर अंघोळीसाठी खोळंबलेली मंडळी टॉवेल खांद्यावर टाकून माझ्याकडं खाऊ की गिळू करत उभी. शेवटी मी एक युक्ती काढली. आत्याबाई सोप्यात बसून फक्त ऐकतात ना? मग एकच लाकूड पायाशी आडवं ठेवायचं आणि डाव्या हातानं त्याच्यावरच ठोके, हाका, नीट अंतर राखून, आवाजात माया आणून. उजव्या हातानं बाकीची पंधरा भरायची. पाच मिनिटांत काम. मला माझ्या कलेचं फार कौतुक वाटलं. कन्नड हाक तर मी अशी द्यायचे की पलीकडच्या वाड्यातली बाई एकदा खरोखर बाहेर आली.

आता चिंचेबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेताच्या बांधावरची चिंच वाऱ्यानं पडली होती. तिची लाकडं फोडून परसातल्या खोपीत, म्हणजे सरपणाच्या छपरात, उजव्या बाजूला रचली, डावीकडं बाभूळ. गावातल्या दोघीतिघी येऊन सांगून गेल्या, चिंच जाळू नका, त्यात बाई राहते. आत्याबाई म्हणाल्या, "असंल तर असू दे. तिलापण हाक मारू."

मला मात्र ती बाई फारच आवडली. तोवर ती नुसती 'बाई' होती, बिचारी. पांढरं पातळ मी तिला दिलं. ओले केस मी दिले. ती सरळ उभी राहते, कधी बसत नाही, हेही माझंच. भावकीतली पोरं जमली की मी हे सगळं दिवे मालवून सांगायचे आणि पोरं रात्री परसात जायला घाबरली की मला समाधान वाटायचं.

श्रावणातल्या एका सकाळी मी खोपीत गेले. आदल्या संध्याकाळी चिंचेची सोळा लाकडं निवडून वेताच्या बुट्टीत आडवी भरून ठेवली होती. बुट्टी रिकामी होती. सोळाही लाकडं भिंतीला टेकून उभी होती. ओळीनं. सारख्या अंतरावर. पंगतीला बसायच्या आधी माणसं उभी असतात तशी.

मी मालकांना, म्हणजे नवऱ्याला, विचारलं. ते म्हणाले, "मला दुसरी कामं न्हाईत व्हय?" मांजर बुट्टी पाडेल, पण लाकडं रचून उभी करणार नाही. मी ती भरली, जाळली, पाणी तापलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सगळ्या लाकडांची भोकं, फटी, सालीच्या खाचा माझ्याकडं तोंड करून आहेत. मी कुणाला काही बोलले नाही. बोलणार काय? जिला मी पातळ नेसवलं, जिला उभं राहायला शिकवलं, ती आता माझ्या खोपीत उभी राहत होती. पोरांना घाबरवताना मी आवाज कसा खाली आणायचे ते मला आठवायचं आणि तो आवाज माझ्याच कानामागं यायचा.

चौथ्या दिवशी मी उभ्या लाकडांना हात लावला नाही. डोळे खाली घालून त्यांच्यापुढून गेले, डावीकडच्या ढिगातून बाभळीची सोळा ओढली आणि बॉयलरपाशी आले. बाहेर भुरभुर पाऊस. एक लाकूड पायाशी टाकून फुंकणीनं माझा प्रयोग केला, बाकीची घाईघाईनं भरली, शेवटी तेही भरलं. पेटवलं, दार लावलं, पंखा सुरू केला, भाताचं, आमटीचं आणि पाण्याचं पातेलं वर चढवलं.

बऱ्याच वेळानं, अंघोळी उरकत आल्या होत्या तेव्हा, मी भात बघायला गेले. आणि दाराच्या आतून आवाज आला.

टक. टक. टक.

लाकूड जळताना तडतडतं, ते मला माहीत आहे. हा आवाज तसा नव्हता. हा थांबून थांबून होता. आणि मग शांतता, उत्तराची वाट बघितल्यासारखी. तीस वर्षं मी ज्याची नक्कल केली तो आवाज.

हात कडीकडं गेला आणि दिरांची अर्धी भुवई आठवली. पंखा बंद करावा? पण मग आत जे कुणी आहे ते जळण्याऐवजी गुदमरणार. काचेच्या भोकाला डोळा लावला. नारिंगी उजेडात एका लाकडाचं टोक दिसलं, आणि त्यात एक गोल, काळं, स्वच्छ भोक. अंगठ्याएवढं. कुणाचं तरी दार. बघता बघता त्या दारातून ज्योत बाहेर आली.

मी फोन लावला. पलीकडं यंत्रांचा खणखणाट.

"भावजी, आतनं कोणतरी वाजवतंय."

"कशाच्या आतनं?"

"बॉयलरच्या."

"लोखंड तापलं की बोलतंय, वहिनी. न्हायतर पूल झाला असंल, त्यो खाली बसला. दार तेवढं उघडू नका."

"तीनदा वाजलं."

"मग काय पाचदा वाजाय पायजे व्हतं?"

"हसू नका. लाकडाला भोक होतं."

"भोक होतं तर आधी बघितलं असंलच की तुम्ही." पलीकडं खणखणाट तेवढा चालू. मग त्यांचा आवाज उतरला. "वहिनी, बघितलं न्हवतं व्हय?"

साडेदहाला आत्याबाई पाटावर बसल्या. मी ताट मांडलं. भात, मुगाची आमटी, गार करून ठेवलेलं पाण्याचं भांडं. त्यांचे ओठ कोरडे होते, कालच्या साडेदहापासूनचे. दोन दिवस त्यांना चक्करही येत होती, आणि अंतराय झाला तर उद्यापर्यंत हे शरीर काढेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यात भातासारखा फुटत होता. एक शब्द बोलायचा होता. रोज बोलत होते तोच.

त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "बघितलंस?"

आणि माझ्यासारख्या बाईला, जिला आयुष्यात कधी शब्द कमी पडला नाही, तो एक शब्द बोलता येईना. "नाही," मी म्हणाले. "आज बाभूळ भरली. एकही बघितलं नाही. रोजच बघत नव्हते, आत्याबाई. एकच लाकूड वाजवत होते."

"त्ये मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "सोळा लाकडांचा आवाज एकच कसा येईल गं?"

मी हातातला डाव खाली ठेवला.

"पहाटे जप झाला की मी जाती खोपीत. लाकडं उभी करून ठेवली की आतलं आपोआप वर चढून बाहेर पडतंय. मग बोटानं चाचपती. पयल्यांदा परत बुट्टीत भरत होते. आता कंबर वाकंना, म्हणून तशीच ठेवली." मग म्हणाल्या, "तुला उभी दिसली न्हाईत?"

दिसली होती. म्हणूनच घेतली नव्हती. आंधळ्या म्हातारीनं कापऱ्या हातांनी बघून ठेवलेली सोळा लाकडं मी भूत समजून सोडली होती आणि न बघितलेली सोळा भरली होती.

"मला सांगायचं तरी," मी म्हणाले. रडू आलं होतं, पण त्यात थोडा रागही होता.

"चारचौघात तुझी लाज काढू?"

त्यांनी ताटाला हात जोडले आणि ते दूर सारलं. पाण्याचं भांडंही.

तो दिवस मी विसरू शकत नाही. मालकांना कळलं तेव्हा ते माझ्यावर ओरडले, "एक शब्द गिळला असतास तर काय झालं असतं?" दिरांनी फोनवरून आईला समजावलं. मी फोन आत्याबाईंच्या कानाशी धरला होता.

"आई, त्ये लोखंड वाजलं. माझं लोखंड हाय, मला म्हाईत न्हाय व्हय? जीव-बीव काय न्हवता."

"वाजल्यालं मी ऐकलं न्हाय रं. हिनं बघितलं न्हाय, एवढं खरं. आत कोण न्हवतं तरी त्ये नशीब. आपलं काय त्यात?"

दुपारी त्या चटईवर आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. ओठ ओल्या फडक्यानं पुसायचीही सोय नव्हती. मी पंख्यानं वारा घालत बसले, मीही पाणी घेतलं नाही. त्यांच्या मनगटावर बोट ठेवून बसले होते. नाडी तीनदा लागायची, मधेच चुकायची, पुन्हा तीनदा लागायची. मला त्यात दुसरंच काही ऐकू यायचं आणि मी हात काढून घ्यायचे. संध्याकाळी त्यांना ग्लानी आली. मालक दारात उभे राहून डॉक्टरांना आणायचं का विचारत होते. आत्याबाईंनी डोळे न उघडताच नकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या श्वास घेत होत्या. मी बॉयलरचं खालचं दार उघडलं. राख थंड झाली होती. चाळणी घेऊन बसले, पसाभर राख, पिठासारखी मऊ. शेपटी नाही, हाड नाही, कवच नाही. काहीच नाही. पण त्यानं सुटका होते असं समजू नका. भावजींनी बॉयलर फारच चांगला केला होता. आत कुणी असतं, तरीही एवढीच राख उरली असती.

मग मी खोपीत गेले. चिंचेची लाकडं अजून तशीच भिंतीला उभी. एकेक उचललं, वाजवलं, थांबले, चारी बाजूंनी बघितलं, सैल साल काढून बघितली, भोकात गवताची काडी फिरवली, दोन्ही भाषांत हाक मारली. यावेळी हळू आवाजात, कारण ऐकायला कुणी नव्हतं. सातव्या लाकडातून एक गोम निघाली आणि पाण्याच्या टाकीखाली गेली. अकराव्याच्या सालीखाली कोळ्याची पांढरी पिशवी होती, ते लाकूड मी परत ढिगात ठेवलं. तास गेला. त्या दिवशी घरात कुणी टॉवेल घेऊन उभं राहिलं नाही.

साडेदहाला आत्याबाईंना दोघांनी धरून बसवलं. भिंतीला टेकवलं. पाट बॉयलरजवळच, परसाच्या दारात मांडला, कारण सोप्यापर्यंत चालवेना. मी पाण्याचं भांडं त्यांच्या हातात दिलं आणि खालून माझा हात लावला.

"बघितलंस?"

"पंधरा बघून भरली. एकात कोळ्याचं घर होतं, ते ठेवलं."

त्यांनी भांडं ओठांशी नेलं. आणि बॉयलरच्या आतून आवाज आला. टक. टक. टक.

मालक गोठले. आत्याबाईंनी भांडं खाली घेतलं नाही, पण घोटही घेतला नाही. मान बॉयलरकडं वळवली. काल जे त्यांनी ऐकलं नव्हतं, ते आज ऐकलं होतं.

"सगळी उलटून बघितलीस?"

"सगळी."

"साली काढून?"

"साली काढून. गोम निघाली एक. टाकीखाली गेली."

त्या ऐकत राहिल्या. मीही. आत काहीतरी हळूच खाली बसल्यासारखं झालं आणि मग नुसती पंख्याची घरघर. मला खरंच माहीत नव्हतं आत काय आहे. मी बघितलं होतं, एवढंच मला माहीत होतं, आणि ते पुरेसं आहे की नाही हे ठरवायचं माझ्या हातात नव्हतं.

मग त्यांनी घोट घेतला. मी मोजत होते. पाच घोट, मधे दम, पुन्हा तीन. थोडं पाणी हनुवटीवरून ओघळलं ते मी पुसलं.

"भात वाढ की," त्या म्हणाल्या. "बघत काय बसलीस माझ्या तोंडाकडं."